साक्षीचे पान

‘‘तुम्ही मराठी शिकवता, मग चांगले ललित लिहा, समीक्षा लिहा. हे देवाधर्माचे पान दर महिन्याला भरीत बसण्यात काय हशील?’’ असे मला विचारणारे स्नेही पुष्कळ आहेत. प्रश्नात आकस नसतो. चांगल्या घरचा मुलगा पत्त्यांच्या नादी लागावा, तशी हळहळ असते. मीही हसून वेळ मारून नेतो. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी तोच प्रश्न लेखी विचारला, आणि लेखी प्रश्नाला हसून भागत नाही.

गोष्ट अशी, की मी ख्रिस्ती आहे, आणि गेली सोळा वर्षे एका लहानशा ख्रिस्ती मासिकात दरमहा एक पान लिहितो. मासिकाचा खप काही शे. मानधन म्हणून नाताळात संपादकांकडून केक येतो. तो डाकेने येत असल्यामुळे आमच्या घरी त्याला केक न म्हणता चुरा म्हणतात. पानाला ठरलेला विषय नाही. त्या महिन्यात माझ्या विश्वासाचे काय झाले, एवढेच लिहायचे. तो वाढला, आटला, रुसला, की नुसताच कोपऱ्यातल्या छत्रीसारखा उभा राहिला, जे असेल ते. अशी पावणेदोनशेच्या वर पाने झाली. विश्वासाचा जमाखर्च म्हणा हवे तर.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. नोकरीमुळे महाडला आलो आणि येथलाच झालो. महाड म्हटले की वाचकांना चवदार तळे आठवते, रायगड आठवतो. माझ्या या पानाच्या उद्योगाला मात्र आणखी दोन जागा जवळच्या आहेत. एक शिवथरघळ. समर्थांनी दासबोध येथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरून घेतला, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात घळीपुढे धबधबा असा कोसळत असतो, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. त्या आवाजात एवढा ग्रंथ सांगितला कसा आणि ऐकला कसा, हा माझ्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. दुसरी जागा बाणकोट. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटाच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या बाणकोटास १८२३ साली स्कॉटिश मिशनरी येऊन राहिले. ज्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे, ते जॉन विल्सन १८२९ साली या देशात आले, तेही मराठी शिकण्यासाठी पहिले काही महिने याच हर्णै-बाणकोटच्या किनाऱ्यावर राहिले. आणि तेथून फार दूर नाही अशा दापोली तालुक्यातल्या करजगावी १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला दासबोध आणि खालच्या अंगाला बायबल. मी मध्ये महाडात.

मराठीत ख्रिस्ती लेखन म्हटले, की लोकांना वाटते ते साहेबाबरोबर बोटीतून आले. तसे नाही. विल्सनसाहेबांच्या दोनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. मराठीत, ओवीत, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे. परक्या देशातून आलेल्या त्या माणसाला कळले होते, की या मुलखात देवाची गोष्ट सांगायची तर ती ओवीतच सांगावी लागते. पुढे १८४२ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला. आमच्या आजोळी त्याच्या काही जुन्या बांधीव फायली होत्या. आजी त्यांवर पापड वाळत घालीत नसे, एवढाच त्यांचा मान. बाकी त्या माडीवर धूळ खात. सुट्टीत मी त्या वाचल्या. त्यांत वादविवाद फार. मूर्तिपूजा खरी की खोटी, पुराणे प्रमाण की अप्रमाण. त्या काळचे लोक वाद घालण्यात मोठे हौशी होते आणि दोन्ही बाजूंचे होते. पण खरे सांगायचे तर सवाशे-दीडशे वर्षांनी ते वाद वाचवत नाहीत. कोण जिंकले हे कळून घेण्याचीही इच्छा उरत नाही.

बाबा पदमनजींचेच पाहा. बेळगावचा हा मनुष्य १८५४ साली ख्रिस्ती झाला आणि आयुष्यभरात शंभराच्या वर पुस्तके लिहून गेला. त्यांतली खंडनमंडनाची पुस्तके आज मी सोडल्यास आमच्या तालुक्यात कोणी उघडीत नसेल. पण ‘यमुनापर्यटन’ १८५७ पासून मराठी कादंबरीच्या इतिहासात ठाण मांडून आहे, कारण त्यात विधवांचे हाल डोळ्यांनी पाहून लिहिले आहेत. आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र अजूनही वाचता येते, कारण त्यात एक माणूस आपल्या मनात काय चालले होते ते सांगतो.

येथे मला मराठीचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या भाषेत देवाविषयी सिद्धान्त मांडणारे पुष्कळ झाले. पण सामान्य मराठी माणसाने ओठांवर ठेवले ते आपली रड, आपले भांडण, आपले दिवाळे देवापुढे मांडणाऱ्यांना. नामदेव देवाशी भांडतात. तुकोबा दुष्काळ, कर्ज, बायकोची बोलणी सारे अभंगात आणतात. बहिणाबाई आपले आत्मनिवेदन सांगतात. ख्रिस्ती मंडळीत याला एक शब्द आहे, साक्ष. ‘साक्ष देणे’ म्हणजे सभेत उभे राहून देवाने माझ्याबाबतीत काय केले ते सांगणे. कोर्टातला साक्षीदार जसा कायदा सांगत नाही, जे पाहिले तेवढेच सांगतो, तसे. वकिली करायची ती दुसऱ्यांनी.

रेव्हरंड टिळक हे अगदी बरोबर ओळखून होते. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांना त्यांनी सोडले नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१२ पासून १९१९ साली मरेपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे ते संपादक होते, आणि त्या पानांत त्यांनी वादाच्या जागी अभंग आणला, कीर्तन आणले. शेवटी तर मिशनची नोकरीही सोडून १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसता येईल असा. तो त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण कल्पना काय सुंदर!

तरीही माझे मत विचाराल, तर या घरातली खरी लेखिका लक्ष्मीबाई. औपचारिक शिक्षण नाही. वाचायला नवऱ्याने शिकविले. नवरा बाटला म्हणून पाच वर्षे वेगळी राहिलेली ही बाई १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाली, आणि म्हातारपणी तिने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात ती निघाली आणि १९३६ सालीच बाई गेल्या. त्या पुस्तकात सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील आहेत, उधळ्या नवरा आहे, प्लेग आहे, उपासमार आहे. धर्मांतर आहे तेही स्वयंपाकघराच्या वाटेने आलेले. कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला हरकत नाही हे तिला ज्या क्षणी उमगते, तो क्षण ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगते. उपदेशाचे एक वाक्य नाही. म्हणूनच ज्या ब्राह्मण घरांत बायबल कधी शिरले नसते, तेथे ‘स्मृतिचित्रे’ देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही तिनेच पुरे केले, त्यांचे दहा-अकरा अध्याय झाले होते, तिने साठांहून अधिक लिहिले. संसार पुरा करण्याची सवय, दुसरे काय!

आता जरा कडू बोलायचे आहे. टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई ही सारी मंडळी ब्राह्मण घरांतली. त्यांच्या धर्मांतराने वर्तमानपत्रे गाजली, त्यांच्या साक्षी पाठ्यपुस्तकांत आल्या. यावे अशाच त्या आहेत. पण नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार-मांग वस्तीतले होते. माझे पणजोबा त्यांतले, येसकरी करणारे. दुष्काळाच्या दिवसांत ते मंडळीत आले. पुढे चार पिढ्या आम्ही एकच ऐकतो, की ‘ते काय, पोटासाठी बाटलेले!’ टिळक डोंगरावरचे प्रवचन वाचून आले ते आत्म्यासाठी, आणि माझे पणजोबा आले ते ज्वारीसाठी, असा हा हिशेब. पणजोबांना कोणी विचारले नाही. ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, त्याला पहिल्यांदा कोणी ‘बसा’ म्हटले तेव्हा त्याच्या आत्म्याला काय वाटले असेल, हे लिहून ठेवायला त्याला अक्षर येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांना सवड नव्हती. महाडला आल्यावर चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा हेच मनात होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ज्या पाण्यासाठी येथे आले, तेच पाणी आमच्या पणजोबांनी दुसऱ्या वाटेने शोधले होते. माझे महिन्याचे पान हे थोडेसे त्यांचे राहिलेले पान आहे. स्नेह्यांना मी हे सांगत नाही. दिवाळी अंकात सांगायला हरकत नाही.

लिहायला बसले की पहिली अडचण शब्दांची. ख्रिस्ती मराठी ही एक निराळीच बोली झाली आहे: तारण, अभिषेक, पाचारण, देवाची लेकरे. मंडळीत वाढलेल्याला हे शब्द आईच्या हातासारखे ओळखीचे; पण बाहेरच्याला ‘तारण’ म्हटले की बँक आठवते! आमच्या महाविद्यालयातले संस्कृतचे एक सहकारी माझी मुद्रिते हौसेने तपासतात. ‘कृपा’ या शब्दावर त्यांनी एकदा पेन्सिलीने लिहिले होते, ‘‘महिन्यातून तीनदा पुरे.’’ तेव्हापासून मी कृपा जपून वापरतो. पंडिता रमाबाईंनी ही अडचण केवढ्या जिद्दीने अंगावर घेतली! हिब्रू आणि ग्रीक शिकून, अशिक्षित बाईलाही कळावे अशा मराठीत सारे बायबल आणायचे, म्हणून केडगावच्या मुक्तिसदनात त्या वर्षानुवर्षे खपल्या. तेथल्याच मुलींनी खिळे जुळविले. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला. आमच्या काळात तेच काम वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आपल्या परीने केले. १९८३ ते २००७ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ख्रिस्ती घरांसाठी निघणाऱ्या त्या मासिकात त्यांनी वसईचे पाणी, झाडे, गुंडगिरी असे सगळे आणले, आणि मग ‘सुबोध बायबल’ लिहून साऱ्या महाराष्ट्राच्या हाती दिले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा विरोधाचे सूरही निघाले. पण संमेलन पार पडले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्या महिन्याचे माझे पान त्यांच्यावरच होते.

पण जुलै म्हटले की आमच्याकडे आधी दुसरेच आठवते.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरावर चोवीस तासांत पाचशे नव्वद मिलिमीटरांच्या वर पाऊस झाला. ते सारे पाणी सावित्रीतून आमच्या दारात आले. महाडची बाजारपेठ बुडाली. आम्ही माडीवर मेणबत्ती लावून बसलो होतो, आणि त्याच दिवशी दुपारनंतर तालुक्याच्या डोंगराळ भागात तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. ‘दरड कोसळली’ असे वर्तमानपत्रे म्हणतात. तेथले लोक ‘डोंगर आला’ म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. तीसपस्तीस घरांची वाडी चिखलाखाली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसे गेली. रस्ते पाण्याखाली असल्यामुळे मदत तळीयेला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. चार-पाच दिवस शोध चालला. मग नातेवाइकांशी बोलून तो थांबविला गेला, आणि जे सापडले नाहीत ते डोंगरातच राहिले. या तालुक्याला हे नवे नव्हते. २००५ च्या जुलैतही जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर असाच डोंगर आला होता.

ऑगस्टचे पान महिनाअखेर द्यायचे होते. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढीत होतो, तोच मासिकाच्या एका वाचकाचे पत्र संपादकांमार्फत आले. भला माणूस, आवर्जून लिहिणारा. त्याने सुचविले होते, की या प्रसंगातून देवाचा इशारा वाचकांना समजावून द्यावा. तशी पत्रे सगळ्याच धर्मांत लिहिली जातात. कोणाला ग्रामदेवतेचा कोप दिसतो, कोणाला कलियुग. माणसाला अर्थ हवा असतो, आणि दुसऱ्याच्या मरणाचा अर्थ लावणे तसे सोपे.

मी पान लिहिण्याआधी लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. त्यात नेमके असेच एक प्रकरण आहे. यरुशलेमात शिलोह येथे बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. येशू लोकांना विचारतो, की ती अठरा माणसे बाकीच्या नगरवासीयांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्ही समजता काय? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पुढे तो ऐकणाऱ्यांना आपापल्या जिण्याकडे पाहायला सांगतो. पण मेलेल्यांवर एक शब्दाचाही ठपका ठेवीत नाही. ईयोबाच्या पुस्तकातही तसेच. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, तोवर ते मित्र असतात. तोंड उघडून कारणे सांगू लागतात आणि बिघडते.

काही दिवसांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांबरोबर धान्य, चादरी, भांडी घेऊन मी त्या भागात गेलो. मग पान लिहिले. वर झाडी तशीच हिरवीगार आणि मध्येच लाल मातीचा ओरखडा. लावणी झालेली खाचरे काही ठिकाणी शाबूत, पाणी भरलेली, आणि त्यांत भात उभे. शेजारच्या वाडीतल्या बायका मोठ्या टोपात भात शिजवीत होत्या आणि आम्हालाच आधी जेवा म्हणत होत्या. एवढेच त्यात होते. देवाचे नाव एकदाही आले नाही. संपादक बिचारे घाबरले. मी त्यांना कळविले, की एस्तेरच्या पुस्तकात आरंभापासून शेवटपर्यंत देवाचे नाव येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. त्यांनी पान छापले. दोघांनी वर्गणी बंद केली. नगरकडच्या एका निवृत्त पाळकांचे पोस्टकार्ड आले. त्यात वर ‘सलाम’, खाली सही, आणि मध्ये एकच ओळ: ‘पान दोनदा वाचले.’

त्या पानाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. त्या बाजूच्या एका वाडीतला मुलगा आमच्या वर्गात होता. त्याने ते पान मागून घेतले आणि घरी आजीला वाचून दाखविले. आजी माळकरी, आषाढी-कार्तिकी करणारी. तिची लेक कोंडाळकरवाडीत दिलेली होती. मुलगा सोमवारी येऊन म्हणाला, ‘‘सर, आजीने बोलावलंय. पान चांगलं आहे म्हणाली, पण अर्धं आहे.’’

मी गेलो. घर उतारावर, पडवीत लाकडे रचलेली. माझा धर्म तिला नातवाने सांगितला असावा, कारण तिने मला चहा दिला आणि विचारले, ‘‘तुमच्यात अभंग म्हनतात का, मास्तर?’’ म्हटले, म्हणतात. तिने मान हलविली, आणि तो विषय संपला.

मग म्हणाली, ‘‘तुमी शेतं लिवली, पन नावं न्हाय लिवली. नाव न्हाय ते शेत कोनाचं?’’

आमच्याकडे कोकणात प्रत्येक खाचराला नाव असते, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. सातबाऱ्यावर गट नंबर; पण तोंडात नाव. लेकीच्या सासरच्या शेतांची नावे तिला पाठ होती, कारण वीस वर्षे लावणीला ती मदतीला जात असे. ती सांगू लागली, मी लिहू लागलो. आंब्याखालचे, वरची खांडकी, वढ्याकाठचे, म्हसोबाचे, आणि एक नुसतेच ‘धाकटे’. मध्येच थांबे, हाताने हवेत बांध दाखवी, ‘हितून पानी सोडायचं’ म्हणे. कोणत्या शेतात लेक पहिल्यांदा लावणीला उतरली, कोणत्या बांधावर नातवाला झोळीत ठेवीत, तेही सांगे. लेकीविषयी वेगळे असे ती काही बोलली नाही.

आता तेथली उरलेली माणसे पुष्कळ दिवस कंटेनरच्या खोल्यांत काढून, २०२३ पासून म्हाडाने बांधलेल्या घरांत जाऊ लागली. आजीचा नातू पदवी घेऊन पुण्यास नोकरीला लागला. आजी आहे. मी जुलैत जातो.

त्या सप्टेंबरच्या पानावर मी शेतांची नावे छापली. ओळीने, ती जशी म्हणाली तशी. अकरा शेतांत पान संपले. राहिलेली सात ऑक्टोबरात घेतली.